युनिकॉर्न कशाला? अजिंठ्याचा उडता घोडा आहे की! मुलांची कल्पनारम्य कला कार्यशाळा कशी घ्यायची?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मोबाईलवर शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. 'जादुई जंगल', 'परीराज्य', 'ड्रॅगनची गुहा'. आता हे फक्त पुण्या-मुंबईत नाही, तालुक्याच्या गावातही होतं. शेवटच्या दिवशी ग्रुपवर फोटो येतो. पंचवीस मुलं आणि पंचवीस युनिकॉर्न. सगळे गुलाबी, सगळ्यांचं शिंग एकाच बाजूला.

फोटो छान येतो, पण यात कल्पना कुणाची होती? युनिकॉर्न ताईंनी इंटरनेटवरून घेतला, छापून आणला. मुलांनी फक्त कापला आणि चिकटवला. म्हणजे शिबिर कल्पनेचं आणि कल्पना करायची वेळच मुलांवर आली नाही.

मग खरी कल्पनारम्य कार्यशाळा कशी असते? जामनेरसारख्या गावात ती घ्यायची तर काय लागतं? बघूया.

जादू तासाभराच्या अंतरावर आहे

जामनेर तालुक्यातून वाहणारी वाघूर नदी अजिंठ्याच्या डोंगरातून येते, थेट लेण्यांच्या समोरून. जामनेरहून गाडीने तासाभरात तिथे पोहोचता येतं.

तिथल्या १७ क्रमांकाच्या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट रंगवली आहे. त्याचं जहाज फुटतं आणि तो एका बेटावर पोहोचतो. तिथे सुंदर बायकांच्या रूपात राक्षसिणी राहतात. त्याला वाचवायला येतो एक उडणारा पांढरा घोडा. हे चित्र साधारण पंधराशे वर्षांपूर्वीचं आहे.

१० आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांत सहा सुळ्यांच्या हत्तीची, म्हणजे छद्दंताची जातककथा आहे. नागराजे, हवेत तरंगणारे गंधर्व हेही अजिंठ्यात भेटतात. आपल्या मुलांना जादुई प्राणी परदेशातूनच आणावे लागतात असं काही नाही.

कल्पना हवेतून येत नाही

सहा सुळ्यांचा हत्ती नीट बघा. हत्ती खरा आहे, सुळेही खरे आहेत. चित्रकाराने फक्त संख्या बदलली. उडत्या घोड्यातही घोडा खरा आणि उडणंही खरं, फक्त ते पक्ष्याकडून उसनं घेतलेलं.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगॉत्स्की यांनी १९३० मध्ये मुलांच्या कल्पनाशक्तीवर लिहिताना हेच मांडलं. कल्पना अनुभवाच्या तुकड्यांतून बनते. जितकं जास्त पाहिलेलं, ऐकलेलं, हाताळलेलं, तितकं जोडायला सामान जास्त.

म्हणजे जामनेरच्या मुलाकडे सामान कमी नाही. त्याने कापसाने भरलेली गाडी पाहिली आहे, केळीचा घड पाहिला आहे, पोळ्याचा सजवलेला बैल पाहिला आहे. त्याचा राक्षस या सगळ्यातून तयार होऊ शकतो. फक्त तसं विचारायला हवं.

नमुना दाखवू नका, प्रश्न द्या

या कार्यशाळेचा मुख्य नियम एवढाच. तयार वस्तू दाखवली की मुलं तिची नक्कल करतात. त्यात त्यांचा दोष नाही, मोठ्यांना तेच हवंय असं त्यांना वाटतं.

त्याऐवजी छद्दंताची गोष्ट सांगा, पण चित्र दाखवू नका. मूळ गोष्टीत शिकारी सुळे कापायला येतो, लहान मुलांसाठी तो भाग सौम्य करा. मग विचारा, "हत्तीला सहा सुळे आहेत. ते कुठे-कुठे असतील? तो झोपतो कसा?" कुणी सुळे पाठीवर लावेल, कुणी शेपटीला. सगळ्यांचं काम झाल्यावरच अजिंठ्याचा फोटो दाखवा. मग मुलं ते चित्र अगदी बारकाईने बघतात, कारण हाच प्रश्न त्यांनीही सोडवलेला असतो.

वयाप्रमाणे काम बदला

५ ते ७ वर्षांच्या मुलांना माती, बोटाने रंगवणं आणि मोठा कागद द्या. ८ वर्षांच्या पुढे मुखवटे, काठीवरच्या बाहुल्या जमतात.

नऊ-दहाव्या वर्षी मात्र एक अडचण येते. कालपर्यंत बिनधास्त चित्र काढणारं मूल म्हणू लागतं, "मला नाही येत." कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या पुस्तकात या टप्प्याचं वर्णन केलं आहे. या वयात चित्र खऱ्यासारखं दिसावं असं मुलांना वाटतं आणि ते जमलं नाही की ती चित्रच सोडतात. कल्पनारम्य विषयाचा खरा उपयोग इथे होतो. घोडा चुकू शकतो. पण जो प्राणी कुणी पाहिलाच नाही, तो चुकणार कसा?

साहित्य गावातच आहे

कापसाच्या पऱ्हाट्या, केळीचं वाळलेलं सोपट, मक्याच्या कणसाची सालं, पुठ्ठ्याची खोकी, जुनी वर्तमानपत्रं, पोळ्याचे बैल करतात ती माती. रंगासाठी गेरू आणि हळद. चिकटवायला मैद्याची खळ. खळीत कीड लागू नये म्हणून काही जण मोरचूद घालतात. तो विषारी असतो, मुलांच्या कामात अजिबात नको. थर्माकोलही टाळा, सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. कटर आणि गरम गोंदाची बंदूक मोठ्यांच्याच हातात हवी.

मे महिन्यात खान्देशात पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्यामुळे वेळ सकाळची ठेवा. साडेसात ते साडेनऊ पुरे. या उन्हाचा एक फायदाही आहे. कागदाच्या लगद्याचा पातळ मुखवटा दुसऱ्या दिवशी रंगवायला तयार असतो.

पंधरा-वीस मुलांमागे दोन मोठी माणसं हवीत. त्यांचं काम ऐकणं आणि हवं ते हाताशी देणं. मुलाच्या चित्रावर स्वतःचा ब्रश फिरवायचा नाही, "थोडं नीट करून देते" म्हणूनसुद्धा नाही.

शेवट कसा करायचा?

स्पर्धा नको, नंबर नकोत. खान्देशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली गुलाबाई बसवतात. गाणी झाली की डब्यातला खाऊ ओळखायचा खेळ असतो. तोच इथे वापरा. प्रत्येकाने आपला प्राणी खोक्यात लपवायचा आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारून ओळखायचा. "पाण्यात राहतो का? कापूस खातो का?" आपण बनवलेल्या गोष्टीबद्दल मुलं मग आपणहून बोलायला लागतात.

घरी नेल्यावर पालकांनी एकच सांभाळावं. "हे काय केलंस?" असं न विचारता "याची गोष्ट सांग ना" म्हणावं.

आणि हो, ग्रुपवर फोटो जरूर टाका. त्यात पंचवीस वेगवेगळे प्राणी असतील, काहींचे पाय वाकडे असतील, एखाद्याचं डोकं गळून पडलेलं असेल. तसं दिसलं तर कार्यशाळा चांगली झाली असं समजा.