ऐकीव नियम आणि लिहिलेला नियम

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांचे कोयते हलतात. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या भागांतल्या टोळ्या संसार ट्रॅक्टरवर लादून पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. त्याच दिवसांत एका तहसील कचेरीच्या पायरीवर तिशीतली एक बाई भेटली. मांडीवर कापड दुकानाची पिशवी होती. पिशवीत नवऱ्याच्या मृत्यूचा लॅमिनेट केलेला दाखला, सासऱ्याच्या नावाचं रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक आणि मुलाच्या शाळेचा बोनाफाईड. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत तिनं एकदाही अर्ज केला नव्हता, कारण गावात कुणीतरी सांगितलं होतं, “तुला पोरगं हाय, तू कशाची निराधार?” ते पोरगं नऊ वर्षांचं होतं.

नामंजूर अर्जाची निदान नोंद तरी राहते. ऐकीव नियमावर विश्वास ठेवून जो अर्ज केलाच नाही, त्याची नोंद कुठंच राहत नाही. म्हणून गावोगाव पक्के बसलेले काही गैरसमज आणि त्यांच्यापुढे लिहिलेला नियम इथे मांडतो.

गैरसमज : मुलगा असेल तर निराधारचा पगार मिळत नाही.

वस्तुस्थिती : संजय गांधी निराधार अनुदान योजनेत मुलगा असणं ही अपात्रता नाही. अर्जदाराचं वय 65 पेक्षा कमी हवं, महाराष्ट्रात किमान 15 वर्षांचा रहिवास हवा आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवं किंवा नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत हवं. मुलं मोठी होऊन कमावती झाली की उत्पन्न नव्यानं तपासलं जातं, ती पुढची गोष्ट. नऊ वर्षांच्या मुलाच्या आईला मुलाचं कारण देऊन परत पाठवता येत नाही.

ही योजना फक्त विधवांची आहे, हाही समज चुकीचा. दिव्यांग, अनाथ मुलं, क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या आजारांमुळे कमावू न शकणारे रुग्ण, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रिया, देवदासी, तृतीयपंथी, 35 वर्षांवरील अविवाहित स्त्रिया, तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्याची पत्नी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचं कुटुंब हे सगळे तिच्यात येतात. जुलै 2023 पासून अनुदान महिना 1,500 रुपये आहे.

गैरसमज : पिवळं रेशनकार्ड म्हणजेच दारिद्र्यरेषा, ते नसेल तर काहीच नाही.

वस्तुस्थिती : रेशनकार्डाचा रंग आणि दारिद्र्यरेषेच्या यादीतला क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यादीत नाव असल्याचा दाखला ग्रामपंचायतीच्या नोंदीवरून मिळतो. केंद्राच्या इंदिरा गांधी निवृत्तिवेतन योजनांना ही यादी लागते. राज्याच्या संजय गांधी आणि वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ या योजनांना यादीत नाव नसलं तरी तहसीलदारांचा 21,000 रुपयांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला चालतो. यादीत नाव नाही म्हणून माघारी फिरणाऱ्यानं आधी हा दाखला काढावा.

गैरसमज : अपंगत्व 80 टक्के असल्याशिवाय उपयोग नाही.

वस्तुस्थिती : 80 टक्क्यांची अट केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाची आहे. राज्याच्या संजय गांधी योजनेला 40 टक्के पुरतात आणि दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादाही वाढवून 50,000 रुपये केलेली आहे. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान 1,500 वरून 2,500 रुपये झालं.

दिव्यांग म्हणजे हात-पाय-डोळे, हा समजही मागे पडला पाहिजे. 1995 च्या कायद्यात सात प्रकार होते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, कंपवात, मानसिक आजार, ॲसिड हल्ल्यातल्या जखमा यांचाही त्यात समावेश आहे. त्यासाठी ‘स्वावलंबन’ पोर्टलवर नोंदणी करून सरकारी रुग्णालयात तपासणी होते, प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड मिळतं. मात्र प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे पगार आपोआप सुरू होतो, असं नाही. तहसीलला अर्ज वेगळा करावा लागतो.

गैरसमज : जन्माचा दाखला नाही, म्हणून म्हातारपणाचा पगार नाही.

वस्तुस्थिती : आज सत्तरीत असलेल्या किती जणांच्या जन्माची नोंद सापडणार? नियमाला हे ठाऊक आहे. शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड किंवा मतदार यादीतला वयाचा उतारा चालतो. तेही नसेल तर सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला चालतो. श्रावणबाळ योजनेला वय 65 पूर्ण हवं. आधारवरचं वय आणि इतर कागदांवरचं वय जुळत नसेल तर अर्ज अडतो, म्हणून दुरुस्ती आधी करून घ्यावी.

गैरसमज : नवरा आजारानं गेला, अपघातानं नाही, मग मदत कशी मिळेल?

वस्तुस्थिती : राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत मृत्यू नैसर्गिक असो वा अपघाती, दोन्ही चालतात. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातली मुख्य कमावती व्यक्ती 18 ते 59 या वयात गेली तर एकरकमी 20,000 रुपये मिळतात. ती कमावती व्यक्ती बाईही असू शकते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मोळी तिच्याही डोक्यावर असते, हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको.

अपघाताची योजना निराळी. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला 2 लाख रुपये मिळतात. दोन अवयव गेले तर 2 लाख, एक गेला तर 1 लाख. वीज पडणं, सर्पदंश, विजेचा धक्का, बुडणं, रस्त्यावरचा अपघात यांचा तिच्यात समावेश आहे. सातबारा मृताच्याच नावावर हवा, असं अनेकांना वाटतं. खातेदार शेतकऱ्याशिवाय त्याच्या कुटुंबातली, खातेदार नसलेली एक व्यक्तीही या योजनेत येते. वय 10 ते 75 हवं आणि प्रस्ताव 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जायला हवा. दुःखाच्या घरात पंचनामा आणि शवविच्छेदन नको वाटतं, पण पुढं तेच कागद लागतात.

आत्महत्या या योजनेत बसत नाही. त्यासाठी 1 लाखाची वेगळी मदत आहे : 30,000 रुपये लगेच, 70,000 रुपये वारसाच्या नावे ठेवीत. नापिकी, परतफेड न झालेलं कर्ज आणि वसुलीचा तगादा हे निकष जिल्हाधिकाऱ्यांची समिती तपासते. कर्ज बँक, सोसायटी किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. बेकायदा सावकाराच्या कर्जावर अनेक कुटुंबांचे प्रस्ताव अपात्र ठरतात. ही अट फार जाचक आहे, असं माझं मत आहे.

गैरसमज : कारखान्यात दहा वर्षं भरली नव्हती, म्हणून विधवेला पेन्शन नाही.

वस्तुस्थिती : 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेत, म्हणजे ईपीएस-95 मध्ये, दहा वर्षांची अट कामगाराच्या स्वतःच्या निवृत्तिवेतनाला आहे. तो नोकरीत असताना वारला आणि एका महिन्याची वर्गणी जरी भरलेली असली, तरी विधवेला पेन्शन लागू होते. सोबत दोन मुलांना 25 वर्षांपर्यंत, प्रत्येकी विधवेच्या पेन्शनच्या 25 टक्के. साखर कारखान्याचे कायम कामगार आणि एसटीचे कर्मचारी यांच्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवावं. ऊसतोड मजूर मुकादमामार्फत उचल घेऊन जातो, त्याच्या नावानं पीएफ कापला जात नाही. त्याच्या कुटुंबाला आधार उरतो तो वरच्या योजनांचाच.

गैरसमज : निराधार आणि लाडकी बहीण, दोन्ही पगार घेता येतात.

वस्तुस्थिती : दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा 1,500 किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण योजनेचा लाभ घेता येत नाही.

गैरसमज : एकदा मंजूर झालं की जन्मभराची काळजी मिटली.

वस्तुस्थिती : वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात, त्यामुळे आधार जोडणी तुटली की पगार थांबतो. नेमक्या याच कामांच्या वेळी कितीतरी माणसं फडावर असतात. टोळीबरोबर जाण्याआधी खातं तपासून घ्या. सहा महिने बाहेर राहिल्यानं रहिवास जाईल, अशी भीती बाळगू नका. घर, रेशनकार्ड आणि मतदार यादीतलं नाव गावातच असतं.

अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय पायरी उतरू नये. नाही म्हणाले तर कारण लेखी मागावं. उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या अधिसूचित सेवांसाठी 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. मुदत उलटली किंवा नकार आला तर त्यात अपिलाची सोय आहे.

त्या बाईचा अर्ज त्या दिवशी भरून झाला. पोच तिनं घडी घालून मृत्यूच्या दाखल्याला लावली. मग विचारलं, “मागच्या तीन सालाचं मिळंल का?” अनुदान मंजुरीनंतर सुरू होतं, मागचं मिळत नाही. आजच्या दरानं ते 36 महिन्यांचे 54,000 रुपये होतात. एवढी रक्कम तिच्या हातून गेली ती कुठल्या अधिकाऱ्याच्या सहीनं नव्हे, पारावरच्या एका वाक्यानं. तुमच्या गावच्या पारावर असं वाक्य कानावर आलं, तर ते तिथंच खोडून काढा.