विहिरीचा थांग

खासगी विहीर, तिच्यावर विजेची मोटर आणि घराच्या माथ्यावर टाकी एवढा सरंजाम ज्या कुटुंबाने पदरमोड करून उभा केला, त्याच्या नळाची धार एके दिवशी करंगळीएवढी बारीक झाली म्हणजे सारा राग मोटरीवर निघतो. मिस्त्री येतो, मोटर खोलली जाते, वायंडिंग निर्दोष ठरते, आणि पाण्याचा जोर मात्र होता तितकाच राहतो. माझ्या मते तपासाचा हा क्रमच उफराटा आहे, आणि जव्हार-मोखाड्याच्या पठारावर, वांगणीसारख्या गावी (बदलापूरच्या पुढची, रेल्वेस्थानकाची वांगणी ती निराळी), तर मोटरीची झडती सर्वांत शेवटीच घ्यावी.

याचे कारण भूमीत आहे. वर्षाकाठी अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस या डोंगरांवर कोसळत असला, तरी खालचा काळा कातळ सच्छिद्र नसल्याने पाणी साठते ते केवळ वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. बाकीचे उतारावरून वैतरणेच्या खोऱ्यात धावते आणि तेथील धरणांतून मुंबईची तहान भागवते. त्यामुळे आश्विनात हाताला लागेल असे वाटणारे पाणी चैत्र-वैशाखात तळ गाठते.

आता पाणी खाली गेले म्हणून जोर का जावा? विहिरीच्या काठावर बसवलेला पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो खरे, परंतु वस्तुतः तो नळीत केवळ पोकळी निर्माण करतो आणि पाण्याला वर लोटतो तो विहिरीतील पृष्ठभागावर पडणारा हवेचा भार. म्हणून पाणी ठरावीक उंचीपुढे चढत नाही. या मर्यादेची नोंद गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात केली आणि तिचे कारण टॉरिचेलीने १६४४ मध्ये सांगितले. समुद्रसपाटीला हा भार पाणी सव्वादहा मीटरांच्या आसपास तोलून धरतो. सुमारे साडेचारशे मीटर उंचीच्या जव्हारला हवा विरळ असल्याने ही मर्यादा दहा मीटरांच्याही आत येते, आणि घर्षण व गळती वजा जाता व्यवहारात सहा-सात मीटरांपलीकडे भरवसा ठेवू नये. म्हणून प्रथम दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे, मग मोटर अर्धा तास चालवून पुन्हा मोजावे. पातळी झपाट्याने उतरत असेल, तर दोष यंत्राचा नसून झऱ्याचा आहे.

दोरीने विहिरीला दोषमुक्त केले, तर नळाकडे वळावे. एकाच नळाला जोर नसेल, तर त्याच्या तोंडची जाळी काढून धुवावी. सर्वच नळ मंदावले असतील, तर टाकी आणि नळ यांच्यामधील व्हॉल्व, गाळ व गंज पाहावा. गंजाने जुन्या लोखंडी नळीचा व्यास निम्मा केला, तर पाणी निम्मे नव्हे, षष्ठांशाच्या आसपास येते. हे गणित घरमालकांना सहसा पटत नाही. नवे घर बांधणाऱ्याने हेही ध्यानी ठेवावे की टाकी नळाहून तीन मीटर उंच असेल, तर दाब चौरस सेंटिमीटरला जेमतेम तीन दशांश किलो मिळतो, आणि तेवढ्यावर शॉवरची हौस भागत नाही.

टाकीत पडणारी धारच बारीक असेल, तर ते पाणी काचेच्या पेल्यात धरावे. पाणी दुधाळ दिसून तळाकडून वर नितळत गेले, तर ते हवेचे बुडबुडे, म्हणजे सक्शनचा, विहिरीतून पंपाकडे येणाऱ्या नळीचा, कुठला तरी जोड हवा धरतो आहे. वरून खाली नितळले, तर तो गाळ, म्हणजे त्या नळीच्या खालच्या तोंडाचा फूटव्हॉल्व तळाला टेकला आहे. हवा धरणाऱ्या जोडावर सायकलची ट्यूब ताणून गुंडाळली की तात्पुरते काम भागते. मोटर बंद असताना पंपात पाणी भरून पाहावे. ते हळूहळू ओसरले, तर फूटव्हॉल्व गळका आहे असे बिनदिक्कत समजावे.

विजेचाही एक खोडसाळ प्रकार आहे. तीन फेजच्या मोटरीचे दोन फेज लाइनच्या दुरुस्तीत अदलाबदल झाले, तर मोटर उलटी फिरते, आवाज नेहमीसारखा करते, थोडेफार पाणीही देते, आणि त्यामुळेच कोणालाही संशय येत नाही. पंख्याची दिशा मोटरीवरील बाणाशी ताडून पाहिली की उलगडा होतो. कोणतीही झाकणे उघडण्यापूर्वी मेन स्विच पाडावा, आणि फूटव्हॉल्वसाठी कोणीही एकट्याने विहिरीत उतरू नये, कारण तळाशी कोंडलेली हवा जीवघेणी ठरू शकते.

उन्हाळ्यात पाणी पंपाच्या आवाक्याबाहेर गेलेच, तर अधिक अश्वशक्तीची मोटर आणून काही साधत नाही, कारण पोकळीहून मोठी पोकळी कोणतीच मोटर निर्माण करू शकत नाही. पंपच आतल्या कठड्यावर खाली उतरवावा, किंवा पाणी ओढण्याऐवजी खालून लोटणारा पाणबुडी पंप बसवावा, आणि झऱ्याला भरण्यास अवधी मिळेल अशा बेताने दिवसातून दोन-तीनदा थोडा थोडा वेळ चालवावा. दोरीवरील मोजमाप मात्र दर महिन्याला तारीखवार भिंतीवर लिहावे. पुढील वर्षी मोटर कोणत्या पंधरवड्यात हवा धरू लागेल, हे त्यावरून मिस्त्रीच्या आधी कळते.