गुरुविद्यालयांच्या गोष्टी – ४ : रायतूरची टेकडी

मडगावहून सात-आठ किलोमीटर गेले की जुवारीच्या काठाला राशोल लागते. जुन्या मराठी लिखाणातले रायतूर ते हेच. एके काळचा किल्ला आता नावापुरता उरला आहे. टेकडीवरची पांढरी, किल्ल्याहून भक्कम वाटणारी इमारत मात्र चारशे वर्षे विद्यार्थ्यांनी भरलेली आहे.

मुळात हे विद्यालय राशोलचे नव्हे. जेझुइट या ख्रिस्ती संघाच्या धर्मगुरूंनी ते १५७४ मध्ये मडगावात काढले. पण मडगाव-राशोलभोवतालचा साष्टीचा मुलूख तेव्हा धुमसत होता. १५६७ मध्ये पोर्तुगीजांनी इथली देवळे पाडली होती, आदिलशाही सरहद्द हाकेच्या अंतरावर होती आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले. तटबंदीचा आसरा हवा म्हणून विद्यालय राशोलला गेले, पुन्हा मडगावला आले. अखेर १ नोव्हेंबर १६०६ रोजी राशोलला पाया घातला गेला आणि १६१० मध्ये बिऱ्हाड कायमचे हलले. पायाभरणीचा दिवस सर्व संतांच्या सणाचा, म्हणून नावही सर्व संतांचे. पुढे लोयोलाच्या इग्नेशियसला संतपद मिळाल्यावर ते त्याच्या नावे झाले.

मराठी वाचकाला इथे थबकावेच लागते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि मरेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, याच परिसरात राहिला. पोथ्यापुराणे हिरावली गेलेल्या नवख्रिस्ती लोकांना त्यांच्या जागी काही तरी हवे होते. स्टीफन्सने त्यांच्यासाठी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले, तेही मराठीत. १६१६ मध्ये ते राशोलच्या छापखान्यात छापले गेले. देशी लिपीचे खिळे नव्हते, त्यामुळे ज्ञानेश्वरीच्या वळणाची ओवी रोमन अक्षरांत उमटली! स्टीफन्सची कोकणी ‘दौत्रिना’, म्हणजे ख्रिस्ती शिकवणीचे पुस्तक, १६२२ मध्ये आणि कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये, दोन्ही त्याच्या मृत्यूनंतर, याच टेकडीवर छापली गेली. धर्मगुरूंच्या शाळेने भाषेचे एवढे काम करावे, याचे कारण साधे होते: गावकऱ्याची भाषा आल्याशिवाय परदेशी पाद्र्याला ना प्रवचन करता येई, ना कबुलीजबाब ऐकता येई.

हे शहाणपण पोर्तुगीज सरकारला मानवले नाही. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले, की तीन वर्षांत लोकांनी कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे. फर्मानाचे काय झाले, ते आजही साष्टीच्या कुठल्याही बाजारात ऐकू येते.

१७५९ मध्ये पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने जेझुइटांनाच हाकलले. इमारत ओस पडायची, पण १७६२ मध्ये तिथे धर्मप्रांताची सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारे विद्यालय, सुरू झाली. माझ्या मते राशोलचा खरा दुसरा जन्म हा. आता बाकांवर गोव्यातलीच मुले होती, शिकून तीच गावोगावच्या चर्चमध्ये जाणार होती. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने संन्यासी संघ बंद केले, तेव्हा गोव्याच्या चर्चचा गाडा या स्थानिक धर्मगुरूंनीच ओढला. त्यांच्यातलेच एक आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो. राशोलला शिकून १८८१ मध्ये ते धर्मगुरू झाले आणि १८९३ मध्ये त्यांचा कोकणी-पोर्तुगीज कोश मुंबईत छापला गेला. त्यात कोकणी शब्द देवनागरीतही आहेत. स्टीफन्सला जे खिळे मिळाले नाहीत, ते राशोलच्या विद्यार्थ्याला मिळाले.

त्याच १८९३ साली पोप तेरावे लिओ यांच्या पुढाकाराने श्रीलंकेतल्या कँडी इथे आणखी एक सेमिनरी निघाली. १९५५ मध्ये ती पुण्याला आली. पुढच्या आठवड्यात नगर रस्त्यावरच्या तिच्या अंगणात भेटू.