गोवर-रुबेलाची लस आणि श्रद्धेचा प्रश्न

ज्या वाचकांनी पन्नाशी ओलांडली आहे, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या हातावर लहानपणी ‘देवी काढल्या’ची खूण असेल. मराठीने त्या रोगाला ‘देवी’ म्हटले आणि त्याच्या लसीलाही तेच नाव दिले. मुलाला देवी आल्या की दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधावा, घरात मोठ्याने बोलू नये, औषधपाणी करून देवीचा रोष ओढवून घेऊ नये, अशी समजूत होती. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली लस टोचण्यात आली. तेव्हापासून १९७५ मध्ये देशातील देवीचा अखेरचा रुग्ण आढळेपर्यंत श्रद्धा आणि लस यांच्यात कधी संवाद तर कधी वाद चालूच राहिला. एकाच्या दंडातील लस दुसऱ्याच्या दंडात नेण्याच्या जुन्या पद्धतीमुळे जातीचा विटाळ आडवा आला. पुढे वासरापासून लस काढू लागल्यावर निराळा धर्मप्रश्न उभा राहिला.

धर्माच्या नावाने लसीवर आक्षेप घेणे ही नवी गोष्ट नाही आणि ती कोणा एका धर्माची मक्तेदारीही नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. या लेखात ख्रिस्ती कुटुंबांतून क्वचित ऐकू येणाऱ्या आक्षेपांचा विचार करावयाचा आहे. परभणी जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती थोडी. माझ्या अनुभवात ही कुटुंबे लसीकरणात इतर कोणाच्याही मागे नसतात. तरीही अलीकडे मोबाइलवरून फिरणाऱ्या प्रवचनांमुळे काही तरुण आई-वडिलांच्या मनात शंका शिरली आहे, आणि तिची झळ घरातील आजी-आजोबांना लागते.

एका आजींचा प्रश्न

काही महिन्यांपूर्वी अशाच एक आजी माझ्याकडे आल्या. त्यांचे आयुष्य परिचारिकेच्या नोकरीत गेलेले. मुलगा-सून मोठ्या शहरात स्थायिक, आणि नऊ महिन्यांची नात सुटीपुरती परभणीस आलेली. बाळाच्या बाकीच्या लसी वेळेवर झाल्या होत्या. गोवर-रुबेलाची मात्र सुनेने थांबवली होती. ‘ही लस गर्भपात केलेल्या बाळापासून बनते, ती घेणे म्हणजे त्या पापात सहभागी होणे,’ असे तिने ऐकले होते. आजी हलक्या आवाजात म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, मी नोकरीत हजारो लेकरांना टोचलं. सून म्हणते ते खरं असेल, तर मी काय केलं?”

असा प्रश्न ‘अफवा आहे, लक्ष देऊ नका’ असे म्हणून झटकून टाकता येत नाही. कारण त्यात सत्याचा एक अंश आहे, आणि तो लपवला तर पुढच्या साऱ्या बोलण्यावरचा विश्वास उडतो.

वस्तुस्थिती काय आहे?

विषाणू जिवंत पेशींतच वाढतो. म्हणून विषाणूची लस बनवण्यास कोणत्या तरी पेशी लागतात. काही लसींसाठी कोंबडीच्या अंड्यातील किंवा माकडाच्या मूत्रपिंडातील पेशी वापरतात. काहींसाठी मानवी पेशी वापरतात. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६२ मध्ये ‘डब्ल्यूआय-३८’ नावाची पेशींची मालिका तयार केली. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये ‘एमआरसी-५’ तयार झाली. या दोन्हींचा उगम गर्भपात झालेल्या एकेका गर्भाच्या फुप्फुसातील पेशींत आहे. ते गर्भपात लसीसाठी केलेले नव्हते. त्या पेशी प्रयोगशाळेत विभागत गेल्या, गोठवून साठवल्या गेल्या आणि आजही त्यांच्याच पिढ्या वापरात आहेत. नवी लस बनवण्यासाठी नव्या गर्भाची गरज पडत नाही.

रुबेलाच्या लसीची कथा याहून वेगळी आहे. तिच्यातील ‘आरए २७/३’ हा दुर्बल केलेला विषाणू स्टॅनली प्लॉटकिन यांनी १९६४ च्या सुमारास मिळवला तो अशा एका गर्भातून, ज्याच्या आईला गरोदरपणी रुबेला झाला होता आणि त्यामुळेच गर्भपात करण्यात आला होता. आपल्या उपकेंद्रांत मोफत मिळणारी गोवर-रुबेलाची लस बहुतांशी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. तिच्यात हाच रुबेला विषाणू असतो आणि तो मानवी पेशींवर वाढवलेला असतो. म्हणजे हा प्रश्न दूरदेशीचा नाही, पुण्याहून आपल्या अंगणवाडीपर्यंत आलेला आहे.

मात्र लसीच्या कुपीत गर्भाचा अवयव किंवा जिवंत मानवी पेशी नसतात. विषाणू वेगळा काढून लस शुद्ध केली जाते. राहिलेच तर पेशींचे अतिसूक्ष्म, तुटके अंश राहतात. बीसीजी, पेंटाव्हॅलेंट आणि न्यूमोकोकल या लसींचा तर मानवी पेशींशी मुळीच संबंध नाही. तेव्हा ‘सगळ्याच लसी गर्भापासून बनतात’ हे विधान सरळ चुकीचे आहे.

चर्चने या प्रश्नाचा विचार केला आहे

गर्भपाताला सर्वांत ठाम विरोध करणाऱ्या कॅथलिक चर्चने या प्रश्नाकडे पाठ फिरवलेली नाही. व्हॅटिकनच्या जीवनविषयक अकादमीने २००५ मध्ये नेमक्या याच लसींवर आपला विचार मांडला. पर्यायी लस उपलब्ध नसेल, तर बालकांच्या व गरोदर स्त्रियांच्या रक्षणासाठी ही लस घेता येते. तिच्या उगमाला त्यामुळे मान्यता मिळत नाही. आणि पालकांनी व डॉक्टरांनी निर्दोष उगमाच्या लसींची मागणी करीत राहावे, असा त्याचा आशय होता. २०१७ मध्ये अकादमीने लसीकरणाची बाजू अधिक स्पष्टपणे घेतली. डिसेंबर २०२० मध्ये व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्त विभागाने करोनाच्या लसींबाबत असेच मत दिले. लस ऐच्छिक असावी, परंतु विवेकाच्या कारणाने ती नाकारणाऱ्याने आपल्यामुळे दुर्बलांना रोग होऊ नये म्हणून कसोशीने काळजी घ्यावी, असेही त्यात म्हटले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लस घेणे ही प्रेमाची कृती असल्याचे सांगितले.

यामागचा विचार नेत्रदानाच्या उदाहरणाने थोडा समजतो. खून झालेल्या माणसाचे डोळे नातेवाइकांनी दान केले आणि दुसऱ्या कोणाला त्यामुळे दृष्टी आली, तर ती व्यक्ती खुनाची भागीदार ठरत नाही. उदाहरण तंतोतंत जुळत नाही हे खरे. तेथे नातेवाइकांची संमती असते, आणि ही उणीव आक्षेप घेणाऱ्याने दाखवली तर ती मान्य करावी. परंतु भूतकाळातील एक कृती आणि आज मूल वाचवण्याची कृती या दोन निरनिराळ्या आहेत, एवढे त्यावरून दिसते.

मी त्या आजींना आणखी एक गोष्ट सांगितली. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली. सुमारे ११,००० गर्भ त्या साथीत गमावले गेले आणि सुमारे २०,००० बालके जन्मजात व्यंग घेऊन आली. कोणी बहिरे, कोणाच्या डोळ्यांत मोतीबिंदू, कोणाच्या हृदयात दोष. गर्भजीवाला पवित्र मानणाऱ्याने रुबेलाची लस नाकारली, तर ज्या जिवांसाठी त्याचे मन कळवळते त्यांचेच रक्षण तो नाकारतो. आजींनी टोचलेली प्रत्येक मुलगी पुढे आई होताना अधिक सुरक्षित झाली. त्यांच्या हातून पाप घडले नाही. पुष्कळ गर्भ वाचले असतील. आजींनी हे सारे सुनेला फोनवर सांगितले, घाई केली नाही. पंधरा दिवसांनी सून स्वतः बाळाला घेऊन आली. तिची खंत पुरती गेली नव्हती. ‘पर्याय निघाला तर तोच घेईन’ असे ती म्हणाली, आणि तसे म्हणण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे.

‘देव राखील’ हा दुसरा आक्षेप

दुसरा आक्षेप ईश्वरी इच्छेचा. आजार देव देतो, बरे करणाराही तोच. मग निरोगी बाळाला टोचणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास नव्हे काय? हा वाद तीनशे वर्षांचा आहे. १७२२ मध्ये लंडनमध्ये एडमंड मॅसी या धर्मोपदेशकाने देवी टोचण्याच्या जुन्या पद्धतीविरुद्ध प्रवचन दिले. त्याच्या आदल्याच वर्षी बॉस्टनमध्ये कॉटन मॅदर या धर्मोपदेशकाने त्याच पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार केला होता. दोघेही श्रद्धावान, दोघेही बायबलचे अभ्यासक.

या आक्षेपाची किंमत अलीकडेही मोजावी लागली आहे. १९९२-९३ मध्ये नेदरलँड्समध्ये पोलिओचे ७१ रुग्ण आढळले व दोघे दगावले; जवळपास सर्वजण ईश्वरी योजनेत ढवळाढवळ नको म्हणून लस नाकारणाऱ्या प्रोटेस्टंट समाजातील होते. २०२५ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात गोवराचे ७५० हून अधिक रुग्ण झाले, त्याचा प्रारंभ मेनोनाइट या ख्रिस्ती समाजाच्या वस्तीत झाला. लस न घेतलेली दोन शाळकरी मुले त्यात गेली. मेनोनाइट शिकवणुकीत लसीला बंदी नाही, हे येथे लक्षात ठेवावे. पुष्कळदा धर्मापेक्षा सवय आणि शंकाच आड येतात.

आपल्याकडील ख्रिस्ती परंपरा तर वैद्यकाच्या हातात हात घालून चाललेली आहे. मिरजेचे वॉनलेस रुग्णालय आणि जालन्याचे मिशन रुग्णालय मराठी माणसाला परके नाहीत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील टी. जेकब जॉन यांनी पोलिओविरुद्धच्या लसीकरणाला दिशा दिली. सुवार्ता लिहिणारा लूक हा परंपरेने वैद्यच मानला जातो. ज्या श्रद्धेने दवाखाने उभे केले, तिला लसीचे वावडे असण्याचे कारण नाही. प्रार्थना आणि लस यांतून एकच निवडण्याची सक्ती कोणी केलेली नाही.

गोवर हा साधा आजार नव्हे

‘आम्हालाही गोवर आला होता, काही झाले नाही,’ असे ज्येष्ठ मंडळी सांगतात. ज्यांना काही झाले, ती मुले आज हे सांगण्यास आपल्यात नाहीत. गोवरानंतर न्यूमोनिया, जुलाब, अंधत्व येऊ शकते. सुमारे हजारात एका रुग्णाला मेंदूदाह होतो. लस न घेतलेल्या समूहात एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो. रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू तेथील हवेत टिकतो. म्हणून साथ रोखण्यास ९५ टक्के मुलांना दोन मात्रा मिळाव्या लागतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी आणि भिवंडी या भागांत गोवराने बालके दगावली, ती घटना फार जुनी झालेली नाही. कर्करोगाची औषधे किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या ज्येष्ठांनाही ही लस सहसा देता येत नाही. त्यांचे संरक्षण आजूबाजूच्या लसवंत मुलांवरच अवलंबून असते.

आजी-आजोबांनी काय करावे?

१. प्रथम ऐकावे. आक्षेप नेमका कोणता, हे विचारावे: गर्भाचा, ईश्वरी इच्छेचा, की तापाच्या भीतीचा? प्रत्येकाचे उत्तर निराळे आहे.

२. सुनेची किंवा जावयाची थट्टा करू नये. आपल्या देशात सक्तीने लस टोचता येत नाही. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने करोना लसीच्या संदर्भात हेच तत्त्व मान्य केले. घरातही समजावणे हाच मार्ग आहे.

३. धर्माचा प्रश्न असेल तर आपल्या फादरांना किंवा पाळकांना विचारावे. मोबाइलवरील अनोळखी प्रवचनकाराला नव्हे.

४. माता-बाल संरक्षण कार्ड पाहावे. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत देतात. वेळ चुकली तरी पाच वर्षांपर्यंत ती देता येते. आशाताईंना किंवा उपकेंद्रातील सिस्टरना भेटावे.

५. लसीनंतर पाच ते बारा दिवसांनी थोडा ताप व बारीक पुरळ येऊ शकते, आणि ते आपोआप ओसरते. बाळाची प्रतिकारशक्ती फार कमी असेल किंवा पूर्वीच्या मात्रेने गंभीर ॲलर्जी झाली असेल, तर आधी डॉक्टरांना सांगावे.

६. कुटुंबाने नकारच कायम ठेवला, तर निदान एवढे ठरवून घ्यावे: मुलाला ताप व पुरळ आल्यास पुरळ उठल्यापासून चार दिवस त्याला गरोदर स्त्रिया, तान्ही बाळे आणि आजारी वृद्ध यांच्यापासून दूर ठेवावे व लगेच डॉक्टरांना कळवावे. गोवराच्या रुग्णाशी संपर्क आला असेल, तर ७२ तासांच्या आत घेतलेली लसही उपयोगी पडू शकते. तेव्हा पुन्हा एकदा, शांतपणे, विचारून पाहावे.

सदसद्विवेकाने विचारलेल्या प्रश्नाला आदर हवा आणि खरे उत्तरही हवे. ही दोन्ही कामे डॉक्टरपेक्षा घरातील वडीलधारी माणसे अधिक चांगली करू शकतात, कारण त्यांच्यापाशी वेळ असतो आणि त्यांचे प्रेम कोणाला सिद्ध करून दाखवावे लागत नाही.