पत्ता बदलला की मत हरवतं

लंडन, ऑक्टोबर २०२५

हेंडन हा उत्तर लंडनमधला एक मतदारसंघ. जुलै २०२४च्या सार्वत्रिक निवडणुकीत तिथे मजूर पक्षाचा उमेदवार हुजूर पक्षाच्या उमेदवाराला मागे टाकून खासदार झाला, तो अवघ्या १५ मतांनी. याच हेंडनमध्ये मिडलसेक्स विद्यापीठ आहे आणि भारतातून आलेली बरीच मुलंमुली तिथे शिकतात. भारतीय पासपोर्ट आणि विद्यार्थी व्हिसा एवढ्यावर ब्रिटनच्या पार्लमेंटसाठी मत देता येतं, हे त्यांच्यापैकी अनेकांना आजही ठाऊक नसतं.

वाचकांपैकी बऱ्याच जणांचाही यावर चटकन विश्वास बसणार नाही, म्हणून नीट सांगते. ब्रिटनचा कायदा असा आहे की राष्ट्रकुलातल्या कुठल्याही देशाचा नागरिक इथे रीतसर परवानगीने राहत असेल आणि १८ वर्षांचा असेल, तर त्याला मतदारयादीत नाव घालता येतं आणि पार्लमेंटपासून स्थानिक कौन्सिलपर्यंत सगळीकडे मत देता येतं. किती वर्षं राहिलात, अशी अट नाही. जर्मनीचा किंवा फ्रान्सचा माणूस इथे वीस वर्षं राहिला, तरी ब्रिटिश नागरिकत्व घेतल्याशिवाय त्याला खासदार निवडता येत नाही. लातूरहून मागच्या महिन्यात आलेल्या मुलीला येतो. साम्राज्य होतं तेव्हा आपण सगळे एकाच राजाचे प्रजाजन होतो. साम्राज्य गेलं, पण ही तरतूद राहिली. आपल्या आजोबा-पणजोबांनी त्या साम्राज्यापायी जे सोसलं, ते पाहता हा हक्क आपल्या मुलांनी निःसंकोच वापरावा असं मला मनापासून वाटतं.

ही लातूरची मुलगी काल्पनिक नाही. वेंबलीत एका घरात ती आणि आणखी चौघी राहतात. पाचही जणी शिकणाऱ्या, आठवड्याचे काही तास दुकानात काम करणाऱ्या. गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. दाराशी पायपुसण्याजवळ टपालाचा गठ्ठा साचलेला होता. सगळी पाकिटं आधीच्या भाडेकरूंच्या नावाची, म्हणून कुणी उघडत नव्हतं. त्यात कौन्सिलचं एक पाकीट होतं, ‘या घरातील रहिवाशास’ असं लिहिलेलं. इथे दर वर्षी उन्हाळ्यापासून नोव्हेंबरपर्यंत कौन्सिल घरोघरी अशी पत्रं पाठवून यादी ताजी करून घेतं. मी ते उघडायला लावलं. आत छापलेलं होतं की आमच्या नोंदीप्रमाणे या पत्त्यावर पुढील मतदार राहतात, आणि खाली चार नावं. त्या चौघांपैकी एकही जण आता तिथे राहत नाही. ज्या पाच जणी राहतात, त्यांच्यापैकी एकीचंही नाव नाही.

तरुण मतं का देत नाहीत, या प्रश्नावर इथल्या वर्तमानपत्रांत दर निवडणुकीला रकाने भरून येतात. त्यांना राजकारणात रस नाही, ते फोनमध्ये बुडालेले असतात, वगैरे. पण मला त्या पत्रातली चार नावं जास्त खरी वाटतात. ब्रिटनच्या निवडणूक आयोगाने २०२३ साली मतदारयादीची तपासणी प्रसिद्ध केली. १८-१९ वर्षांच्या पात्र मुलांपैकी यादीत होते शंभरात ६०, आणि पासष्टीच्या पुढच्यांपैकी शंभरात ९६. त्याच तपासणीत दिसलं की वर्षाच्या आत घर बदललेल्यांपैकी निम्मेसुद्धा यादीत नसतात. म्हणजे वयाइतकाच हा भाड्याच्या घराचा प्रश्न आहे. म्हातारी माणसं स्वतःच्या घरात तीस वर्षं राहतात, त्यांचं नाव आपोआप टिकून राहतं. तरुण दर सप्टेंबरला खोली बदलतो, आणि खोलीबरोबर नाव पुसलं जातं.

पूर्वी असं नव्हतं. २०१४पर्यंत घरातला एक माणूस सगळ्यांची नावं एका फॉर्मवर भरून देत असे. आई मुलांची नावं लिहायची, विद्यापीठाच्या वसतिगृहात व्यवस्थापक सगळ्या विद्यार्थ्यांची यादी एकगठ्ठा पाठवायचा. २०१४ साली नियम बदलला आणि प्रत्येकाने स्वतः आपलं नाव नोंदवायचं ठरलं. खोटी नावं घुसू नयेत हा त्यामागचा हेतू होता, आणि तो रास्तच होता. कुटुंबप्रमुखाने सज्ञान मुलीचं नाव लिहावं किंवा लिहू नये, ही पद्धत मलाही पटत नाही. पण या बदलाचा भार नेमका कुणावर पडला? पहिल्यांदाच घर सोडलेल्या अठरा वर्षांच्या पोरावर. बँकेचं खातं, डॉक्टरकडे नोंदणी, घरमालकाशी करार, पहिला स्वयंपाक, या सगळ्या गडबडीत मतदारयादीची आठवण त्याला कोण करून देणार?

शेफील्ड विद्यापीठाने यावर साधा उपाय काढला. विद्यार्थी दर वर्षी प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरतोच. त्याच फॉर्ममध्ये एक प्रश्न घातला : मतदारयादीत नाव हवं आहे का? हो म्हटलं की विद्यापीठ ती माहिती शहराच्या कौन्सिलकडे पोचवतं. हजारो नावं यादीत आली. व्याख्यानं नाहीत, घोषणा नाहीत, लोकशाहीचं महत्त्व सांगणारी भित्तिपत्रकं नाहीत. पुढे काही विद्यापीठांनी ही वाट धरली, पण सगळ्यांनी नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं, कारण याहून स्वस्त आणि याहून परिणामकारक काम दुसरं क्वचितच असेल.

तरुणांना रस नाही म्हणणाऱ्यांनी दोन तारखा आठवाव्यात. ७ जून २०१६, युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं यावरच्या सार्वमतासाठी नावनोंदणीची शेवटची रात्र. इतके लोक एकाच वेळी आले की सरकारी संकेतस्थळ कोसळलं आणि मुदत दोन दिवसांनी वाढवावी लागली. दुसरी तारीख २२ मे २०१७. सार्वत्रिक निवडणुकीच्या नोंदणीच्या त्या शेवटच्या दिवशी सहा लाखांहून अधिक अर्ज आले, आणि त्यात तरुणांचा भरणा मोठा होता. त्यातल्या कित्येकांचं नाव आधीच यादीत होतं. आपलं नाव आहे की नाही हे ऑनलाइन पाहायची सोयच इथे नाही, म्हणून लोक खात्रीसाठी पुन्हा अर्ज करतात. आपल्याकडे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. या एका बाबतीत ब्रिटनने भारताकडून शिकावं. त्याच २०१७च्या निवडणुकीत स्कॉटलंडमधल्या नॉर्थ ईस्ट फाइफ या मतदारसंघाचा निकाल दोन मतांनी लागला. सेंट अँड्र्यूज हे जुनं विद्यापीठ त्याच मतदारसंघात येतं.

स्कॉटलंडची गोष्ट मात्र थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. सप्टेंबर २०१४मध्ये स्वतंत्र देश व्हायचं की नाही, यावर तिथे सार्वमत झालं आणि पहिल्यांदाच १६ आणि १७ वर्षांच्या मुलांना मत मिळालं. शाळकरी पोरांना काय कळतं, असं म्हणणारे पुष्कळ होते. पण एक लाखाहून अधिक मुलांनी नावं नोंदवली. नंतर ब्रिटनच्या निवडणूक आयोगाच्या पाहणीत त्यांच्यापैकी ७५ टक्क्यांनी आपण मत दिल्याचं सांगितलं, तर १८ ते २४ या वयोगटात हेच प्रमाण ५४ टक्के निघालं. धाकटी भावंडं मोठ्यांच्या पुढे गेली. याचं कारण फार गूढ नाही. सोळाव्या वर्षी मूल घरी असतं, शाळेत असतं. नाव कुठे घालायचं हे शिक्षक सांगतात, रात्री जेवताना आईवडिलांशी वाद होतो, मतदानाच्या दिवशी आई हाताला धरून केंद्रावर नेते. अठराव्या वर्षी हे सगळं एकदम सुटतं. पहिलं मत द्यायला अठरा हे वय तसं सर्वांत गैरसोयीचं. एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधनात पुढे दिसलं की सोळाव्या-सतराव्या वर्षी मत मिळालेली ती मुलं विशीत गेल्यावरही, अठराव्या वर्षी सुरुवात केलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात मत देत राहिली. स्कॉटलंडने आपल्या पार्लमेंटसाठी आणि स्थानिक निवडणुकांसाठी हे वय कायमचं १६ केलं, वेल्सनेही मागोमाग केलं. आणि जुलै २०२५मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केलं की पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपासून साऱ्या देशात १६व्या वर्षी मत मिळेल. १९६९च्या कायद्याने हे वय २१वरून १८वर आलं होतं, त्यानंतरचा हा सर्वांत मोठा बदल. पंधरा लाखांहून अधिक मुलामुलींना त्याने मत मिळेल. आपल्याकडे २१चं १८ व्हायला १९८९ उजाडावं लागलं, हे जाता जाता आठवतं.

सरकारने आणखी एक गोष्ट जाहीर केली आहे, आणि माझ्या दृष्टीने ती सोळा वर्षांच्या निर्णयापेक्षाही मोलाची आहे. सरकारी खात्यांकडे असलेल्या माहितीवरून नावनोंदणी हळूहळू आपोआप व्हावी, अशी पावलं टाकायची आहेत. तसं झालं, तर वेंबलीच्या त्या पत्रात चार गेलेल्यांची नावं आणि पाच असलेल्यांची गैरहजेरी, हा प्रकार थांबेल.

तोवर एक अडचण आहेच. २०२३पासून इंग्लंडमध्ये मतदान केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. त्यासाठी ज्येष्ठांचा बस पास चालतो, साठीच्या पुढच्यांचं लंडनचं प्रवासकार्ड चालतं. पण विद्यार्थ्यांचं प्रवासकार्ड किंवा तरुणांचं रेल्वेचं सवलतकार्ड चालत नाही. हा अन्याय आहे आणि तो अन्याय आहे असंच म्हटलं पाहिजे. बँकेचं कार्डही चालेल अशी सुधारणा आता येऊ घातली आहे. आपल्या मुलांना मात्र ही अडचण नाही. राष्ट्रकुलातल्या देशाचा पासपोर्ट चालतो, म्हणजे भारतीय पासपोर्ट पुरे.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर लातूरच्या मुलीने स्वयंपाकघरातल्या टेबलावरच फोन काढला. “काकू, याने व्हिसाला काही होणार नाही ना?” हा पहिला प्रश्न. हाच प्रश्न प्रत्येक मूल विचारतं, आणि ही भीती मी समजू शकते. आईवडिलांनी जमिनीवर कर्ज काढून पाठवलेलं असतं. मी तिला सरकारी संकेतस्थळावरचं पानच दाखवलं, पात्र देशांच्या यादीत भारताचं नाव दाखवलं. जो हक्क कायद्याने दिला आहे तो बजावल्याने व्हिसाला धक्का लागत नाही. मग तिने नाव, जन्मतारीख, पत्ता, राष्ट्रीयत्व आणि कामासाठी मिळालेला नॅशनल इन्शुरन्सचा नंबर भरला. ज्यांच्याकडे तो नंबर नाही त्यांनी तसं लिहायचं. मग कौन्सिल पासपोर्टची प्रत वगैरे मागून घेतं. पाच मिनिटांत काम झालं. बाकीच्या चौघींनीही मग फोन काढले.

एकीने खरा प्रश्न विचारला : आम्ही वर्षा-दोन वर्षांत परत जाणार, आम्ही इथल्या लोकांचं सरकार का ठरवावं? माझं उत्तर असं आहे. एका कुटुंबातली नसलेली पाच माणसं एका घरात भाड्याने राहत असतील, तर इंग्लंडमध्ये घरमालकाला कौन्सिलकडून परवाना घ्यावा लागतो. आग लागली तर बाहेर पडता येईल का, स्वयंपाकघर पुरेसं आहे का, हे कौन्सिलने पाहायचं असतं. ते नीट पाहिलं जातं की नाही, हे कौन्सिलर ठरवतात. कचरा कधी उचलायचा, रात्री कामावरून परतताना गल्लीत दिवा असेल का, हेही तेच ठरवतात. परत जाणारी माणसंही रोज रात्री याच घरात झोपतात. आणि इथे असताना भारतातलं मत त्यांना देता येत नाही. परदेशस्थ भारतीयाचं नाव यादीत राहू शकतं, पण मत द्यायला प्रत्यक्ष गावच्या केंद्रावर हजर व्हावं लागतं. शिकणाऱ्या मुलाला ते परवडत नाही.

हे लिहिताना पुण्यातल्या पेठांमधली मुलं डोळ्यांपुढे येतात. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली, चार-चार वर्षं कॉट भाड्याने घेऊन राहणारी. नाव गावच्या यादीत, मतदानाच्या दिवशी एसटीचं भाडं आणि दोन दिवसांचा अभ्यास यांचा हिशोब. आपल्या कायद्यात शिकण्याच्या गावी नाव हलवायची सोय आहे. पण ती मुलांपर्यंत कोण पोचवतं? प्रवेशाच्या फॉर्ममध्ये एक जादा प्रश्न घालणं आपल्या विद्यापीठांनाही जमण्यासारखं आहे.

लंडनच्या क्लार्कनवेल भागात नवरोजी स्ट्रीट नावाची एक छोटी गल्ली आहे. दादाभाई नवरोजी, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक, १८९२ साली इथल्या सेंट्रल फिन्सबरीतून पार्लमेंटवर निवडून आले. पाच मतांनी. तेव्हा इथल्या कोणत्याही बाईला पार्लमेंटसाठी मत नव्हतं आणि भाड्याच्या खोलीतल्या पुरुषालाही अनेक अटी पार पाडाव्या लागत. आज त्याच शहरात लातूरच्या मुलीला तो हक्क कुणी मागायला न लावता मिळतो.

लंडनच्या सगळ्या ३२ बरोंच्या, म्हणजे स्थानिक विभागांच्या, कौन्सिल निवडणुकांची तारीख ७ मे २०२६. नावनोंदणीची शेवटची तारीख २० एप्रिल. ज्यांचं मूल इथे शिकत आहे, त्यांनी रविवारी फोनवर जेवलीस का, थंडी किती आहे, हे विचारून झालं की यादीत नाव घातलंस का, हेही विचारावं. आणि मधल्या काळात घर बदललं, तर नव्या पत्त्यावर पुन्हा.