खदानीचा खड्डा कसा मोजायचा?

नांदेडहून लोहा, अहमदपूरमार्गे लातूरला जाताना काळ्या दगडाच्या खदानी दिसतात. हा दगड म्हणजे बेसाल्ट. कायद्याच्या भाषेत तो गौण खनिज. त्यामुळे त्याच्या परवान्यांचा कारभार जिल्हाधिकारी कार्यालयाकडे असतो आणि काढलेल्या प्रत्येक ब्रासमागे शासनाला स्वामित्वधन भरावे लागते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर.

दगड तर ट्रकमधून निघून गेलेला असतो. मग तो किती निघाला हे ठरवायचे कसे? मागे राहिलेला खड्डा मोजून.

कागदी नकाशा १:१००० प्रमाणात असेल, तर अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलरेघ जमिनीवर अर्धा मीटर रुंद होते. शिवाय कागद पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो. रेघेपलीकडे दुसऱ्याचे शेत असले की भांडण ठरलेलेच! पण हद्दीपेक्षा खोलीची चूक महाग पडते. एक हेक्टर खदानीचा तळ सर्वत्र १० सेंटिमीटरने चुकीचा मोजला, तर घनफळात १००० घनमीटरांचा, म्हणजे सुमारे ३५३ ब्रासचा फरक पडतो. (हे गणित दहावीच्या वर्गात जरूर करून घ्यावे.)

टोटल स्टेशन किंवा ड्रोनने मोजणी केली की प्रत्येक बिंदूचे तीन निर्देशक मिळतात : पूर्वेकडील अंतर, उत्तरेकडील अंतर आणि उंची. असे हजारो बिंदू फाईलमधून शासनाला दिले, तर कार्यालयातला संगणक गेल्या वर्षीच्या पृष्ठभागातून यंदाचा वजा करून घनफळ स्वतः काढू शकतो. खदानवाल्याचे उत्तर नुसते मान्य करावे लागत नाही, ते तपासता येते. आमच्या मते खरा फरक हाच. कागदी नकाशाचे छायाचित्र काढून पाठवले, तर पुन्हा कोणाला तरी पट्टी घेऊनच बसावे लागते.

प्रमुख खनिजांच्या खाणींवर नागपूरच्या इंडियन ब्यूरो ऑफ माइन्सची देखरेख असते. नोव्हेंबर २०२१ मधील नियमबदलानुसार ५० हेक्टर किंवा त्याहून मोठ्या, अथवा वर्षाला १० लाख टन वा अधिक उत्खननाची योजना असलेल्या खाणींनी दरवर्षी ड्रोनची चित्रे द्यायची असतात, तीही हद्दीबाहेरच्या १०० मीटरांसह. आपल्या दगडखाणींना हा नियम लागू नाही.

एक खोच मात्र राहते. जुने भारतीय नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेले, तर जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर. एकाचे अक्षांश-रेखांश दुसऱ्यावर तसेच मांडले, तर नांदेडजवळ बिंदू १०० मीटरांहून अधिक सरकतो. आधार कोणता हे फाईलमध्ये नोंदवले नसेल, तर सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजलेली खदानही शेजाऱ्याच्या शेतात जाऊन पडते.