एस्. टी.ची सवलत आणि पहिला प्रवास

१ जून १९४८ रोजीं राज्य परिवहनाची पहिली गाडी अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, पुण्यास गेली. आज त्याच एस्. टी.च्या साध्या गाडींत ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यास भाड्यांत ७५ टक्के सवलत मिळते. दिव्यांगत्व ६५ टक्के वा अधिक असल्यास सोबत्यासही निम्मेंच भाडें पडतें.

त्यासाठीं प्रथम दिव्यांगत्वाचें ओळखपत्र हवें. अर्ज ‘स्वावलंबन’ या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या करतां येतो. परंतु तपासणीसाठीं रुग्णालयांत स्वतःच जावें लागतें. अकोले तालुक्याच्या डोंगरांतून येणाऱ्या नव्या अर्जदारास हा पहिला प्रवास या सवलतीविनाच! म्हणून घरांतील सुशिक्षितानें अर्ज काळजीपूर्वक भरावा. नांवांतील एका चुकीपायीं त्याला दुसरी खेप पडूं नये.